फलाटावरची बाई

“राजवाडा नको,” राही म्हणाली.

धोंडू पेंटरने दुसरा पडदा उलगडला. जंगल. मग तिसरा. रस्ता, आणि दोन्ही बाजूंना दिव्याचे खांब. आसपासच्या वाड्यांतली सगळी नाटकं या तीन पडद्यांसमोर व्हायची. चौथा कुणी मागितलाच नव्हता.

“गाडी जंगलातनं जाऊ दे की,” धोंडू म्हणाला. “मागे वाघ काढतो.”

“वाघ पायजे,” चार वर्षांचा रघू लगेच म्हणाला.

“स्टेशन हवंय,” राही म्हणाली. “फलाट. फलाटावर एक बाई. आठ दिवसांत व्हायला हवं.”

रघूच्या बाबाने, गंगारामने, मुंबईहून चावीची आगगाडी धाडली होती. एक इंजिन, तीन डबे आणि रुळांचं वाटोळं. रघूने खरी आगगाडी कधी पाहिली नव्हती. रत्नागिरीत रूळच नव्हते. राहीने माळ्यावरची फळी घासूनपुसून पडवीत मांडली, तिच्यावर रूळ जोडले. मागे मात्र नुसती चिऱ्याची भिंत दिसायची.

धोंडूने मांजरपाट चौकटीवर ताणून ठोकला. सरस आणि खडूचा हात दिला. दोन्ही कोपऱ्यांत बांबूची वाकवलेली कामटी घातली.

“ही कशाला?” राहीने विचारलं.

“कोपरा दिसला की आभाळ मोडतं, बाय. वाकवलं की लांबच लांब जातं.” मग तो रघूशेजारी उकिडवा बसला आणि त्याच्या गालाला गाल लावून कापडाकडे बघितलं. तिथेच कोळशाने आडवी रेघ मारली. “बघणार हाच ना? मग आभाळ आणि जमीन ह्याच्या डोळ्याशी मिळायला हवी. नायतर चित्र खोटं वाटतं.”

“खोटं वाटायला नको,” राही म्हणाली.

तिने लग्नातला फोटो आणून दिला. धोंडूने एकदा फोटोकडे बघितलं, एकदा तिच्याकडे.

“नाक तेच. पण वाळलीस गो तू. समोर बस जरा, फोटो धुरकट आहे.”

“फोटोवरूनच काढा. कुंकू मोठं. अंगावर पिवळं पातळ, काळ्या काठाचं.”

“चढतेय की उतरलेय?”

“उतरलेय. तोंड इकडे.”

“आणि स्टेशनाचं नाव?”

“रत्नागिरी.”

धोंडू हसला. “इथे रेल्वे येईस्तोवर माझे नातू म्हातारे होतील.”

पण त्याने नाव लिहिलं.

पिवळं पातळ राहीने धुतलं, इस्त्रीला दिलं आणि पार्सल करून मिरजेला पुढे धाडलं. चौऱ्याऐंशीच्या कॅलेंडरवर, फेब्रुवारीच्या सोळा तारखेभोवती तिनेच गोल केला होता. मिरजेच्या इस्पितळाचं पत्र त्याच खिळ्याला अडकवलेलं होतं. गंगाराम तिथे मुंबईहून परस्पर जाणार होता.

“मिरजेच्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे,” रघूची आजी येसूबाई म्हणाली. “तू त्याची काळजी करू नको. पोराला सवय लाव म्हणजे झालं. आणि निघताना त्याच्यासमोर रडू नको.”

“नाही रडणार.”

रोज जेवणं झाली की राही आणि रघू फळीपुढे बसत. चावीला चार पीळ दिले की गाडी अडीच फेऱ्या मारायची आणि बरोबर त्या बाईपुढे येऊन थांबायची. पाच दिले तर पुढे निघून जायची. चारच द्यायचे, हे राहीने दोन दिवस घालवून शोधून काढलं होतं.

“कोण उतरलं?” ती विचारायची.

“बाई.”

“बाई नाही. आई.”

पहिल्या दिवशी रघू खूप हसला. त्याने बोट आधी चित्राला लावलं, मग राहीच्या हनुवटीला. “ही आई, मग तू कोण?”

राहीने गाडी रुळावर सरळ केली. चावीला चार पीळ दिले.

तिसऱ्या दिवशी तो न विचारताच म्हणाला, “आई उतरली.” पाचव्या दिवशी त्याने भाताची दोन शितं चित्रातल्या तोंडाला चिकटवली. राहीने ती तशीच वाळू दिली.

“आई हसते का?” त्याने विचारलं.

“हसते. तुला बघून हसेल.”

“मला उचलून घेईल?”

“तू धावत गेलास तर.”

पंधराच्या संध्याकाळी तिने ट्रंक भरली. चार लुगडी, फणी, आणि रघूचं अगदी लहानपणचं, आता त्याला न होणारं झबलं. फोटो मात्र चित्राखाली टाचून ठेवला.

सोळाला दुपारी एस.टी. स्टँडवर ऊन मी म्हणत होतं. येसूबाई सावलीला बसली. हमालाने राहीची ट्रंक तिच्या गावाकडच्या, दापोलीच्या गाडीच्या टपावर चढवली. गाडीला अजून वेळ होता. रघूने राहीचं बोट धरलं होतं आणि दुसऱ्या हातात इंजिन.

कोल्हापूरची गाडी आत वळली. धूळ उडाली. दार उघडलं. आधी गंगाराम उतरला, पिशव्या खाली ठेवल्या आणि मागे वळून हात दिला.

त्या हाताला धरून एक बाई सावकाश उतरली. मोठं कुंकू. पिवळं पातळ तिला सैल होत होतं. ती तिथेच उभी राहिली, तोंड इकडे करून.

रघूने राहीचं बोट सोडलं. “आई उतरली,” तो म्हणाला, आणि धावत सुटला.

त्याच्या आईने, कमळाने, त्याला उचलून घेतलं. मिरजेच्या इस्पितळातल्या तीन वर्षांनंतर. तिच्या खांद्यावरून रघूने मागे बघितलं. राही होती तिथेच उभी होती. त्याला एकदम काहीतरी आठवलं.

“मग तू कोण?” त्याने ओरडून विचारलं.

“मावशी,” राही म्हणाली.