पाच गळे, उसनी गाणी

समीक्षकाने हेडफोन काढून टेबलावर आपटले. शेजारी बसलेली मुद्रितशोधक दचकली. नव्या अल्बमची आठ गाणी ऐकून झाली होती. आठही दुसऱ्यांची, गाजलेली, आणि आठांचीही पार माती झाली होती.

गाणारे ऐरेगैरे असते तर त्याने दोन ओळींत विषय संपवला असता. पण हे तेच पाच जण होते, वाद्यांशिवाय नुसत्या गळ्यांवर गाणारे. सहा वर्षांपूर्वी यांचा पहिला अल्बम ऐकून तो भेटेल त्याला पकडून ऐकवत सुटला होता. परक्याने फसवलं तर माणूस शिवी हासडून मोकळा होतो. आपल्याने फसवलं की अन्न गोड लागत नाही.

त्याने तावातावाने लिहायला घेतलं. सूर पट्टीने आखल्यासारखे सरळ. कुठे चूक नाही आणि कुठे जीवही नाही. दुसऱ्याचं गाणं उसनं आणलं तर निदान धड परत करावं, असं त्याने सुनावलं. शेवटी ठेवणीतला टोला हाणला: हे पाच जण यातलं एकही गाणं एका खोलीत उभं राहून गायलेले नाहीत.

संपादकबाईंनी तिथेच बोट ठेवलं. बाकीचं तुझं मत, पण हा आरोप आहे, म्हणाल्या. हे छापून आलं की त्यांचा पुढचा दौरा बुडाला म्हणून समज. आधी विचार त्यांना.

त्याने खर्जात गाणाऱ्याला फोन लावला. तो पाचांत वयाने मोठा. त्याने काही नाकारलं नाही. पाच जण पाच वेगळ्या दिवशी आले, एकेकटे गाऊन गेले, जोडकाम यंत्राने केलं. खुशाल छापा, म्हणाला.

त्या थंडपणाने समीक्षकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"लाज नाही वाटत तुम्हाला? एका माइकभोवती खांद्याला खांदा लावून गायचात. कुठे गेलं ते सगळं?"

"तुम्हीच लिहिलं होतंत," खर्जवाला म्हणाला. "पहिल्या अल्बमच्या वेळी. या पाचांत खरा गळा एकच, बाकीचे चौघे त्याला टेकू. नाव दिलं नव्हतंत. प्रत्येकाला वाटलं, तो एक म्हणजे आपणच. सहा वर्षं त्यावरून भांडतोय आम्ही. आता कुणी कुणाचं तोंड बघत नाही. आज तरी सांगून टाका. कोण होता तो?"

समीक्षकाने डोळे मिटले. पाचही आवाज एकेक करून आठवून पाहिले. कुणावरच बोट ठेवता येईना. सहा वर्षांपूर्वी त्या परीक्षणाचा शेवट जमत नव्हता, आणि ते वाक्य वाचायला झकास वाटत होतं, म्हणून त्याने ते लिहून टाकलं होतं.