जीभ झाली जड

तापीमाईची आण, यातला शब्द न् शब्द खरा आहे. पाहिजे तर राजघाटावर गुडघाभर पाण्यात उभं करून विचारा, हेच सांगेन.

चुडामण आयसीयूच्या काचेला नाक लावून उभा होता आणि आत कॉम्प्युटरनं त्याच्या मालूबाईला अठ्ठावीस मार्क दिले होते.

"शंभरातून अठ्ठावीस?" तो म्हणाला. "आमचा सुधाकर गणितात याच्याहून कमी आणायचा. तरी मास्तरनं वर चढवला."

डॉक्टर अलका हसली नाही. इथल्याच लोधीपुऱ्याची पोर, इंदूरला शिकून आलेली. येताना हे नवं खूळ घेऊन आली. लकवा मारलेल्या हजारो माणसांची माहिती त्या मशीनला पाजलेली. नवा पेशंट आला की वय, बीपी, शुगर, डोक्याचा फोटो, शुद्ध किती, सगळं भरायचं. मग ते सांगणार, अशा शंभरातले किती जगतात.

"बाबा, मार्क नाहीत ते. शंभरातले अठ्ठावीसच वाचतात म्हणतंय. इंदूरवाले हा आकडा पाहतात. चाळीसच्या वर गेला, तर आत्ता गाडी पाठवतील."

"आणि नाही गेला?"

"मग इथं आपल्याच्यानं जेवढं होईल तेवढं."

चुडामणनं खिडकीबाहेर पाहिलं. फाटकाजवळच्या निंबाखाली देवराम बसलेला. आज तिसरा दिवस. मालूबाईच्या माहेरच्या गावचा माणूस. तिच्या लग्नाच्या दुसऱ्याच साली त्यानं दापोऱ्यात चुडामणच्या बांधाला लागून शेत घेतलं, केळी लावली. पुढं विहिरीच्या पाण्यावरून दोघांचं वाजलं आणि चाळीस वर्षं बोलणं बंद. आता तो आत येत नव्हता न् घरीही जात नव्हता. माहेरचं माणूस म्हटलं की एवढं चालायचंच.

"कमी कुठं पडली ती?" चुडामणनं विचारलं.

"बोलण्यात. डोळे उघडतात, हात दाबा म्हटलं की दाबतात. गाव विचारलं, वार विचारला, नुसतं अं अं. आणि घरवाल्याचं नाव विचारलं की ओठच मिटून घेतात. मतलब, बोलायच्या रकान्यात शून्य."

चुडामण इतक्या मोठ्यानं हसला की नर्स मंगला धावत आली.

"अगं बेटी, ते नाव ती धडधाकट असतानाही नाही घेत! लग्नात बायांनी उंबरठ्यावर अडवलं, नाव घे, नाव घे. हिनं ओठ मिटले ते मिटलेच, वरून रडली. बाया म्हणाल्या, पोर लाजाळू आहे. पंचावन्न वर्षं झाली त्याला. रेशनवाला नाव विचारतो तर माझ्याकडे बोट दाखवते. सांग तुझ्या मशीनला."

"त्याला नाही कळत हे, बाबा. त्यात तसा रकानाच नाही."

चुडामणचं हसू विरलं. लकव्याला नाही, लाजेला मार्क कापले जात होते. आणि त्याची स्वतःचीही एक हौस उरलेली, मरायच्या आधी तिच्या तोंडून एकदा नाव ऐकायची.

मंगला म्हणाली, "ताई, माझ्या सासऱ्याला लकवा मारला तेव्हा साधं पाणी मागता येत नव्हतं. आरती मात्र घडाघडा. बोलणं अडकतं, चालीतलं अडकत नाही. उखाणा घ्यायला लावू का?"

अलकानं मान हलवली. मंगलानं मालूबाईचे केस विंचरले, कपाळाला कुंकू लावलं आणि दारात दोन्ही हात पसरून चुडामणची वाट अडवली.

"मावशी, नाव घ्या! त्याशिवाय यांना आत सोडत नाही!"

मालूबाईनं डोळे उघडले. दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे. वाकडं झालेलं तोंड थरथरलं. अक्षरं अर्धी तुटलेली, पण चाल शाबूत, आणि नाव तर कसं लख्ख.

"तापीच्या पाण्यावर केळीला लागला घड,
चुडामणरावांचं नाव घेता जीभ झाली जड."

मंगलानं टाळ्या पिटल्या. चुडामणनं दाराची चौकट धरली. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, लावला, परत काढला.

"बाबा," अलकानं विचारलं, "नाव बरोबर आहे ना? फॉर्मवर फक्त तुमच्या पोराचं नाव आहे. मला खरं तेच भरायचंय."

चुडामणनं खिडकीबाहेर, निंबाकडे पाहिलं.

"एकदम बरोबर," तो म्हणाला. "लिही, बेटी."

आकडा चोपन्नवर गेला.

"फर्स्ट क्लास नाही," चुडामण म्हणाला, "पण पास झाली!"

इंदूरची गाडी निघाल्याचा फोन आला तसा तो खाली उतरला आणि सरळ निंबाखाली गेला. चाळीस वर्षांचं भांडण आनंदाच्या भरात विसरला बिचारा. देवरामचा हात धरून त्याला उठवला.

"वाचते ती," तो म्हणाला. "चल, चहा पिऊ."

मालूबाई महिन्याभरानं घरी आली. काठी टेकत चालते, सकाळ-संध्याकाळ चुडामणला रागावते. देवराम रोज सकाळी ओट्यावर चहाला येतो. कधीतरी ती विचारते, "ओ, त्या दिवशी मी काय म्हटलं हो? मला तर काहीच आठवत नाही."

"चांगलंच म्हटलं," चुडामण सांगतो आणि बशीत फुंकर घालतो.

तर असं आहे. सगळं खरं. उखाण्यातलं एक नाव तेवढं मी बदललं. ती देवरामरावांचं म्हणाली होती.