गोंदलेलं नाव

पट्टी जखमेला चिकटली होती. पाणी घालून ती आधी भिजवायची, मग सावकाश सोडवायची, हे स्वप्नालीला पक्कं ठाऊक होतं. कोमट पाण्याची वाटी शेजारीच होती. तिने पट्टीचं टोक धरून कोरडंच ओढलं.

"आई गं!" महेंद्रने हात मागे घेतला. "सोलतेस काय मला?"

"लाइट जायच्या आत उरकायचंय."

अंबरनाथच्या कारखान्यात मशीनच्या पट्ट्यात सापडून त्याच्या हाताची कातडी खरवडली होती, नेमकी गोंदणावरून. शिवरात्रीच्या जत्रेत गोंदवून घेतलेलं नाव : अंजनी. त्याची पहिली बायको. काविळीने गेली. स्वप्नालीने तिला भिंतीवरच्या फोटोत पाहिलं होतं, आणि या हातावर रोज.

'अं' मोकळा झाला. तिथे गुलाबी कातडी धरली होती, अक्षर पुसट झालं होतं. बाकीचं नाव अजून पट्टीखाली होतं.

"राहील ना गं नाव?"

कुळगावातल्या लॅबमध्ये ती रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायची. घरात कुणाला काही झालं की तिलाच विचारायचे.

"नाही राहणार," ती म्हणाली.

"पण तुझ्या त्या पेशी बाहेरचं सगळं खातात ना? मग इतकी वर्षं शाई कशी नाही खाल्ली?"

तिचा हात थांबला. खोटं सांगता आलं असतं.

"खाल्ली की. सुई टोचली तेव्हाच धावून आल्या, शाई पोटात घेतली. पण ती पचत नाही. म्हणून तशाच धरून बसल्यात. आपल्याला अक्षर दिसतं ते त्यांच्या पोटातलं."

"आणि जखम कोण भरतंय?"

"त्यांच्याच बहिणी. मेलेलं उचलतात, जागा साफ करतात. मग नवी कातडी येते."

"बहिणी कसल्या, सवती म्हण!" तो हसला. ती हसली नाही.

स्वप्नालीने पट्टीचं टोक पुन्हा चिमटीत धरलं. कातडीसकट नाव निघायला एक हिसका पुरला असता.

लाइट गेली.

"थांब, मेणबत्ती आणतो."

"नको. हलू नका."

अंधारात वाटी सरकल्याचा आवाज झाला. महेंद्रच्या हातावर पाण्याची बारीक धार पडली, 'ज'वर, मग 'नी'वर.