शेवटची ओंजळ

जवळ सरका, मंडळी. आख्यान छोटंसंच आहे. पण ज्या बाईचं आहे, ती आत्ता टेक्सासमधल्या एका लष्करी दफनभूमीच्या फाटकात एकटीच उभी आहे. तेव्हा झांजांची वाट न बघता सुरू करू.

सुलभाकाकूंना आधी आवाज ऐकू आला. मोटरसायकलींचा. जमिनीतून तळपायांत चढणारा. मग वळणावरून एकामागून एक गाड्या आत आल्या. काळी जाकिटं, दाढ्या, हातांवर गोंदलेल्या कवट्या. काकूंनी पिशवी पोटाशी धरली. गेल्या वर्षी त्या राहतात त्या अर्विंग गावातच, सिग्नलला, अशाच एका गाडीवरच्या माणसाने त्यांच्या साडीवर कोल्ड्रिंकचा ग्लास फेकला होता. काहीतरी ओरडलाही होता. शब्द कळले नव्हते, अर्थ कळला होता. तेव्हापासून असा आवाज आला की त्या घरातसुद्धा खिडकीपासून लांब व्हायच्या.

आज लांब व्हायला जागा नव्हती. मुलाचं, केदारचं, ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, त्याला येता येईना. त्याने उबर करून दिली आणि पुन्हा पुन्हा बजावलं, आई, तिथे कुणाशी बोलत बसू नकोस, पिशवीत सारखा हात घालू नकोस, लोकांना भलतंच वाटतं. पिशवीत फडक्यात बांधलेला फिरकीचा तांब्या होता, काठोकाठ भरलेला. आणि पुडीत काळे तीळ.

ते पाणी रेभाऊंसाठी होतं. नाव रेमंड, शेजारच्या घरात एकटेच राहायचे. आज त्यांचंच दफन होतं. तरुणपणी व्हिएतनामला लढलेले. बायको नाही, मूल नाही. काकू संध्याकाळी मागच्या अंगणात फोनवर कीर्तन लावायच्या, तेव्हा कुंपणापलीकडे हे म्हातारबुवा खुर्ची ओढून बसायचे. शब्द एक कळत नसे, पण गजर सुरू झाला की काठीने ताल धरायचे. हमखास चुकायचे. "रेभाऊ, सम गेली हो," काकू मराठीत सांगायच्या. ते इंग्रजीत काहीतरी म्हणून हसायचे.

काकूंचे यजमान होते तोवर दरवर्षी तर्पण करायचे. आई-वडील, आजे-पणजे झाले की शेवटी एक ओंजळ, ज्यांचं कुणीच नाही त्यांच्यासाठी. ती ओंजळ आज काकू रेभाऊंना देणार होत्या. बाईमाणसाने द्यावी का, हा प्रश्न त्यांनी घरीच ठेवला होता.

गाड्या थांबल्या. ती माणसं झेंडे घेऊन रस्त्याच्या दोन्ही कडांना उभी राहिली. शवपेटी पलीकडच्या मांडवात होती. तिथे जायचं तर यांच्या मधूनच. काकूंना वाटलं, परत फिरावं, पाणी तुळशीत ओतावं, रेभाऊंना कोण सांगायला जातंय. मग ती काठी आठवली, भलत्याच जागी पडणारी. त्या मान खाली घालून, मनात नाम घेत चालू लागल्या.

मध्यावर एक धिप्पाड माणूस आडवा आला. पांढरी दाढी छातीपर्यंत. पिशवीत काय आहे, त्याने विचारलं. काकूंनी फडक्याची गाठ सोडली. तांब्या बाहेर काढताना झाकणाची फिरकी करकरली आणि सगळ्या माना वळल्या.

"वॉटर," काकू म्हणाल्या. "फॉर रे."

त्याने तांब्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"तुम्ही त्यांच्या कोण?"

बहीण, असं जिभेवर आलं. पण सरकारी जागा. खोटं कसं बोलायचं? आणि खरं बोललं तर इथूनच परत.

"कुणी नाही," त्या पुटपुटल्या.

त्या माणसाने डोक्याचा रुमाल सोडला.

"मग या आमच्यात, मॅम. आम्हीही त्यांचे कुणी नाही."

त्याने सावकाश समजावून सांगितलं. त्यांच्यातल्या एकानेही रेभाऊंना कधी पाहिलं नव्हतं. ज्या सैनिकामागे कुणी उरत नाही, त्याच्या दफनाचा निरोप फिरतो. मग कुणी गॅरेज बंद करून येतं, कुणी नातीला शाळेत सोडून. नाव इथे आल्यावर कळतं. उभं राहायचं आणि परत जायचं.

मांडवापाशी मानवंदनेच्या बंदुकांच्या फैरी झडल्या तेव्हा काकू दचकल्या, पण तोवर त्या माणसाचा हात त्यांच्या कोपराखाली आला होता. बिगुल थांबला. काकूंनी तळहातावर तीळ घेतले आणि अंगठ्याच्या बाजूने गवतावर पाणी सोडलं. "रेभाऊ, घ्या हो," एवढाच त्यांचा मंत्र.

मागे हातमोजा निघाला. गोंदलेल्या कवटीचा एक हात पसा करून पुढे आला. त्यामागून दुसरा. काकू प्रत्येकाचा अंगठा धरून बाजू दाखवत गेल्या. तांब्या सगळ्यांना पुरला.

तर मंडळी, पुढच्या वेळी पाणी सोडाल, तेव्हा शेवटच्या ओंजळीला रेभाऊंची आठवण काढा. आणि कुणी विचारलंच, तुमचे ते कोण, तर सांगा, कुणी नाही.