माळावरचा चौकोन

दुर्बिणीतून माळाच्या टोकाला छप्पर तरंगताना दिसलं, म्हणून सरकारी मोजणीदारानं नकाशावर तिथं घराचा चौकोन काढला.

वाऱ्यावर लवणाऱ्या गवतातून तो जवळ पोचला, तर छप्पर कसलं, दोन काठ्यांवर ताणलेलं घोंगडं! भोवती मेंढरं, आत धनगरीण, मांडीवर पहाटेच जन्मलेली लेक.

"घर कुठलं, सायेब? उद्या आमी पुढच्या माळावर," नकाशावरचा चौकोन बघून धनगर हसला.

मोजणीदारानं खोडरबर काढलं.

"पुसू नगा," आतून ती म्हणाली. "मोठी झाली की इचारंल, मी कुठं जलमले? बोट ठिवाया तेवढी जागा ऱ्हाऊ द्या."

त्यानं रबर खिशात टाकलं. "नाव काय ठेवणार?"

"बानू."

सकाळी मेंढरं गवतापलीकडं विरली. रिकाम्या माळावर बसून त्यानं चौकोनाशेजारी लिहिलं, 'बानूची वाडी'.