तिसऱ्या तळ्याचा फोटो

चार दिवसांत डोंगरातली चार तळी, आणि प्रत्येक तळ्याकाठी चौघांचा एक फोटो, असं ठरलं होतं. मी ट्रायपॉडवर कॅमेरा लावून टायमर दाबायचा, धावत येऊन मधे घुसायचं, आणि आमच्या दाताच्या डॉक्टरने ओरडायचं, "दात दाखवा!"

पहिल्या फोटोत वकिलाच्या डोक्यावर लाल टोपी होती. पाण्यातल्या वकिलाच्या डोक्यावर नव्हती. संध्याकाळी गाडीच्या खिडकीतून ती टोपी उडाली. "वाऱ्यावर दावा ठोकतो," वकील म्हणाला. आम्ही पोट धरधरून हसलो.

दुसऱ्या फोटोत पाण्यातल्या डॉक्टरच्या अंगठ्याला पांढरी पट्टी दिसली; काठावरच्या डॉक्टरचा अंगठा धडधाकट होता. पुढच्या दिवशी सकाळी पत्र्याचा डबा उघडताना त्याने अंगठा कापून घेतला. "लोकांचे दात उपटतो, आणि डबा उघडेना!" गाडी चालवता चालवता त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, त्याची यथेच्छ टर उडवली.

तिसऱ्या तळ्यावर लख्ख ऊन होतं आणि पाणी काचेसारखं. टायमर, धावपळ, "दात दाखवा!" मग सगळे गाडीकडे पळाले. मी ट्रायपॉड मिटता मिटता फोटो पाहिला. काठावर आम्ही चौघं, मी मधोमध, नेहमीसारखा बावळट.

पाण्यात तिघंच होते.

हॉर्न वाजला. "भावोजी, चला लवकर! अजून एक तळं राहिलंय!"

मी फोटो मोठा केला. पाण्यातले तिघं खांद्याला खांदा लावून खळखळून हसत होते. मधे माझ्यापुरती जागासुद्धा सोडलेली नव्हती.