डाव्या पायाचा आवाज

"काका, भावना वगैरे काही नको. पावलांत नुसता रुबाब पाहिजे," दिग्दर्शक म्हणाला. त्याच्या गुंडपटाच्या नायकाला घर नव्हतं, आई नव्हती, साधी सर्दीसुद्धा होत नव्हती. होता फक्त लांब काळा कोट आणि चालणं.

पडद्यावरच्या माणसांच्या पावलांचे आवाज स्टुडिओत मागाहून भरतात. गेली तीस वर्षं मी तेच काम करतोय. नायकासारखे बूट चढवले आणि पडद्याकडे बघत फरशीवर चाललो. सांधेदुखीमुळे माझा डावा पाय हल्ली जरा घासतो. दिग्दर्शकाने सहा वेळा परत चालायला लावलं, मग वैतागून म्हणाला, "राहू द्या. पण थिएटरात कुणाच्या लक्षात आलं, तर पुढच्या सिनेमाला मी दुसरा माणूस बघेन."

पहिल्या खेळाला मी बायकोला, कुंदाला, घेऊन गेलो. ती मध्यंतरापर्यंत जांभयाच देत होती. मग शेवटचा प्रसंग आला. अंधारं गोदाम, पिंपामागे दडलेला खलनायक आणि लांबून येणारी नायकाची पावलं. सगळे श्वास रोखून बसले. मीसुद्धा, कारण पुढच्याच रांगेत दिग्दर्शक होता आणि पडद्यावरचा पाय चांगलाच घासत होता.

कुंदा एकदम ताठ बसली. रोज संध्याकाळी जिन्यात हीच पावलं ऐकून ती चहाचं आधण ठेवते.

"अहो, हे तर तुम्ही!" ती ओरडलीच.

थिएटर खो खो हसलं. दिग्दर्शक मागे वळला. मी डोळे मिटून घेतले.

"काकू," तो हसत म्हणाला, "चला, माझ्या सिनेमात एक तरी माणूस सापडला!"